बेटावरची बदली बाई

सोमवार, ९ मार्च १९९८

आई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र टेबलावर उपडं घातलं असशील. असू दे. सकाळचा कडू माते-चहा पिऊन झाला, राग जरा खाली बसला, की वाच. फोनच केला असता. पण डिसेंबरपासून माझा आवाज ऐकला की तू फोन ठेवून देतेस, आणि आता मी आहे तिथं फोनच नाही. दोघींचीही सोय झाली.

मी पुन्हा बदलीवर आहे. व्हिक्टोरिया गावासमोर पराना नदीच्या पसाऱ्यात जी बेटं आहेत, त्यांतल्या एकावरची एकशिक्षकी शाळा. इथल्या कायमच्या बाई, इर्मा, मणक्याच्या ऑपरेशनसाठी रोसारिओला गेल्यात. त्या परत येईपर्यंत मी. तुझ्या भाषेत, दुसऱ्याच्या भट्टीत पाव भाजायला आलेली.

धक्क्यावर लाँचवाल्या एवारिस्तोकाकांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि विचारलं, “बदली का?”

“कशावरून?”

“कायमच्या बाया ट्रंक घेऊन येतात. बदलीच्या बाया पिशवी.”

पिशवीच होती. शाळेत घालायचा पांढरा डगला, दोन पुस्तकं, तुझा जुना स्वेटर.

शाळा लाकडी खांबांवर उभी आहे. घोडेस्वार टोपी न काढता खालून जाईल एवढी उंच. खाली गवत, कोंबड्या, आणि पाणी पार तिकडे, धक्क्याच्या पलीकडे. मी म्हटलं, “एवढी वर कशाला बांधली?” काका म्हणाले, “नदी आहे ना बाई. ती कधीकधी फिरायला निघते.”

पहिला दिवस नेहमीसारखाच. “इर्माबाई आधी गाणं घेतात.” “इर्माबाई तारीख उजवीकडे लिहितात.” “इर्माबाई खडू मोडून घेतात, मग तो किंचाळत नाही.” दुपारपर्यंत मी ऐकून घेतलं आणि मग विचारलं, “इर्माबाई शिंकतात कशा?” मग एकेकानं शिंकून दाखवलं. प्रत्येकाची इर्माबाई वेगळी. स्वयंपाकघरातून तोमासामावशी डोकावल्या. त्या शाळेचा स्वयंपाक करतात. “सर्दीची साथ आली की काय?” म्हणाल्या.

शाळा सुटल्यावर मुलं होड्यांत बसून गेली. आई, दुसरीतली पोरं. एकानं वल्ही धरली, धाकटी बहीण पुढं दप्तर मांडीवर घेऊन बसली, आणि ती दोघं त्या तपकिरी, रुंद पाण्यावर अशी निघाली जशी आपल्या गल्लीतली पोरं पाव आणायला निघतात. मी कठड्याला धरून उभी होते. मला पोहता येत नाही हे तुला माहीत आहे. ती वळणाआड जाईपर्यंत मी कठडा सोडला नाही.

तुझी
नोएमी

रविवार, २९ मार्च

आई,

उत्तर नाही. एवारिस्तोकाका टपाल घेऊन येतात तेव्हा लांबूनच मान हलवतात, म्हणजे मी उगाच जिना उतरायला नको.

डिसेंबरातल्या त्या नेमणुकांच्या दिवसाबद्दल एकदा लिहून टाकते. तू इस्त्रीचा निळा पोशाख घालून आली होतीस. माझं नाव पुकारलं. तुझीच शाळा, तू निवृत्त झालीस तो तिसरीचा वर्ग, कायमची जागा. आणि मी सगळ्यांसमोर नको म्हटलं. तू उठून गेलीस. तुला वाटलं मी तुझ्या आयुष्याला नको म्हटलं. तसं नव्हतं, पण त्या हॉलमध्ये, त्या गर्दीत, काय होतं ते मला सांगता आलं नसतं.

बदलीत वाईट काय ते तुझ्याइतकंच मला ठाऊक आहे. वर्गात कुणाचा बाप दारू पितो, कुणाला ऐकू कमी येतं, कुणाला वाघाच्या गोष्टीची भीती वाटते, हे कायमच्या बाईला माहीत असतं. मला धडकून धडकून कळतं. कळेपर्यंत जायची वेळ येते. आपल्या नोगोयात एका पोराला मी ‘एल’ अक्षरापर्यंत आणलं, पुढची अक्षरं त्याला दुसऱ्या कुणीतरी शिकवली. पुस्तक अर्धं वाचून गाडीत विसरल्यासारखं वाटतं. चार वर्षांनी बाजारात भेटलेलं मूल आईला विचारतं, ही कोण? आणि आई म्हणते, अगं, त्या नाही का, बदलीवर आलेल्या. नाव कुणालाच आठवत नाही. उन्हाळ्यात सकाळी फोनशेजारी बसून राहायचं, डगला इस्त्री करून खुर्चीवर टाकलेला, आणि फोन वाजत नाही. हे सगळं खरं आहे.

पण दुसरंही खरं आहे. नवख्या बाईला मुलं सगळं दाखवतात. कायमच्या बाईला दाखवायचं राहिलेलंच नसतं काही. गेल्या आठवड्यात मला सापाची कात, मधमाश्यांच्या पेट्या, बुडालेल्या जहाजाची डोलकाठी आणि एका आजोबांचा सुटा दात दाखवण्यात आला. मी मूर्खासारखे प्रश्न विचारू शकते आणि कुणी हसत नाही, कारण बदली बाईला काय माहीत असणार. प्रत्येक वेळी मी जगात पहिल्यांदा आल्यासारखी येते. या सुखाची चटक लागते, आई. वाईट सवय म्हण हवं तर.

एक मुलगी आहे, क्लोरिंदा. चौथीत. ती वर्गात बोलत नाही. म्हणजे एक शब्दही नाही. लिहिते सुंदर, गणितात सगळ्यांच्या पुढं, हसताना खांदे हलतात, पण आवाज नाही. मी बदली बाईचा उतावळेपणा केला. समोर बसवलं, वाचायला सांगितलं, वाट बघितली. ती पुस्तकाकडे बघत राहिली आणि तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मागून एक पोरगा म्हणाला, “बाई, इर्माबाई तिला तसं नाही करत.”

तिचा बाप आब्दोन दुसऱ्यांची गुरं राखतो. तो तिला न्यायला आला तेव्हा मी विचारलं. तो टोपी फिरवत म्हणाला, “वर्गात शिरली की तिचा आवाज आत जाऊन बसतो. घरी थोडं बोलते. गाईंशी फार बोलते.”

“इर्माबाईंशी?”

“चार वर्षं झाली. अजून नाही.”

मी पुन्हा तिला वाचायला सांगितलं नाही.

नोएमी

रविवार, २६ एप्रिल

आई,

नदी फिरायला निघाली आहे.

मला वाटायचं पूर म्हणजे लोंढा, आवाज, आरडाओरडा. इथं तसलं काही नाही. सकाळी उठून बघावं तर कालची पायरी नाही. तिच्या जागी आकाश. कोंबड्या झाडावर बसायला लागल्या. मग खालचं गवत दिसेनासं झालं, मग कुंपण, मग कुंपणाचे खांब. सगळं निःशब्द, अदबीनं, जसं कुणी आजारी माणसाच्या खोलीत चवड्यांवर यावं. तोमासामावशी म्हणतात वर ब्राझीलमध्ये पाऊस पडला, तो आता आपल्याकडे जेवायला येतोय.

मुलं आता होड्या थेट जिन्याच्या कठड्याला बांधतात. त्यांनी मला वल्हवायला शिकवलं. मी गोल गोल फिरायचे आणि ती कठड्यावर ओळीनं बसून सूचना द्यायची. “बाई, दोन्ही हातांनी सारखं.” “बाई, पाण्याला मारू नका, त्याला सरकवा.” क्लोरिंदा काही बोलली नाही. ती होडीत येऊन बसली, माझ्या हातांवर आपले हात ठेवले आणि दहाबारा वेळा माझ्याबरोबर वल्हं ओढलं. तेव्हापासून होडी सरळ जाते.

शुक्रवारी भागाकार चालला होता. खिडकीतून एक पोरगी म्हणाली, “बाई, बेट चाललंय.” मला वाटलं टाळाटाळ. बघते तर खरंच. जलपर्णीचा एक अख्खा तरंगता तुकडा, आपल्या चौकापेक्षा मोठा, हिरवागार, जांभळी फुलं लगडलेला, संथपणे शाळेसमोरून वाहत होता. त्यावर बगळे होते, एक खोकड होतं, आणि मधोमध दलदलीतलं मोठं लाल हरीण उभं होतं. शिंगं उंच, पाय घट्ट रोवलेले. कुणाच्या तरी राज्यातून हद्दपार झालेला राजा जसा मान न झुकवता जाईल, तसं ते गेलं. आमच्याकडे एकदाही बघितलं नाही. आम्ही सगळे खिडकीशी. क्लोरिंदाच्या आणि बाकीच्यांच्या गप्प बसण्यात त्या वेळी काही फरक नव्हता.

ते वळणाआड गेल्यावर आम्ही भागाकार पुढं चालू केला. दुसरं काय करणार.

नोएमी

गुरुवार, १४ मे

आई,

हे पत्र तटरक्षक दलाच्या बोटीनं येतंय, म्हणून घाईत.

पाणी शाळेच्या लाकडी जमिनीखाली हातभर राहिलंय. आसपासची कुटुंबं शाळेत राहायला आलीत. बाकं एकावर एक रचली, वर्गात गाद्या आहेत, व्हरांड्यात दोन डुकरं आणि एक आजारी वासरू. तोमासामावशी मोठ्या भांड्यात मासे शिजवतात आणि तळलेल्या पोळ्यांचे ढीग लावतात. दुपारी रेडिओभोवती सगळे जमतात, कारण व्हिक्टोरियाचा रेडिओ त्या वेळी बेटांसाठी निरोप वाचतो. अमक्याला मुलगा झाला. तमक्यानं औषध घ्यायला धक्क्यावर यावं. आज नदी इतकी इतकी चढली. अशा वेळी डुकरंसुद्धा गप्प असतात.

आज बोट आली. अधिकारी भला माणूस होता. म्हणाला, “बाई, बेटांवरच्या शाळा बंद करायचा हुकूम आलाय. तुमची बदलीही त्याबरोबर थांबली. चला, सामान घ्या.”

मी म्हटलं, “ही मुलं?”

“ज्यांना यायचं त्यांना नेतोय. बाकीचे गुरं सोडून येणार नाहीत. त्यांची ती जिद्द आहे. तुमचं काय अडलंय?”

त्याचा प्रश्न बरोबर होता. ना माझं घर, ना माझी गुरं, ना माझी शाळा. आजपासून नेमणूकही नाही. पिशवी भरायला पाच मिनिटं लागली असती, आणि बदलीची हीच तर सोय, की निघता येतं. मी आत गेले. वर्गात फळ्याखाली गाद्यांमध्ये पोरं पालथी पडून मी सकाळी दिलेला नकाशा रंगवत होती. एकानं मान वर न करता विचारलं, “बाई, समुद्राला कुठला रंग?”

मी बाहेर येऊन अधिकाऱ्याला म्हटलं, “माझा समुद्र रंगवायचा राहिलाय.” त्याला काही कळलं नाही. तोमासामावशींनी त्याच्या हातात तळलेली पोळी दिली आणि तो माणसं बोटीत बसवायला गेला.

काळजी करू नकोस, असं लिहिलं असतं, पण तू करतेस की नाही हेच मला माहीत नाही.

नोएमी

बुधवार, २० मे

आई,

काल जे झालं ते लिहिते. अक्षर वाकडं दिसेल, तळहातांना वल्ह्यांचे फोड आहेत.

आब्दोनची गुरं पोटापर्यंत पाण्यात उभी होती. दिवसचे दिवस. जलपर्णी खाऊन जगत होती, पण खुरं सडायला लागली होती. गुरं नेणारा तराफा येतो येतो म्हणत आला नाही. शेवटी बेटावरच्या माणसांनी ठरवलं, पोहत न्यायची. नदीच्या मोठ्या फाट्यापलीकडे उंच जमीन आहे, तिथून ती चालत टेकड्यांकडे जातील. फाटा एवढा रुंद की पलीकडचं झाड कुठलं ते ओळखू येत नाही.

पद्धत अशी: पुढं एक होडी, तिच्या मागं दोरानं बांधलेली म्होरकी गाय. ती पोहायला लागली की बाकीची मागं येतात. बाजूंनी आणखी होड्या, कळप पसरू नये म्हणून. म्होरकी म्हणजे सेनिसा, राखेच्या रंगाची म्हातारी गाय. ती फक्त आब्दोनचं आणि क्लोरिंदाचं ऐकते. आणि परवाच एका बैलानं आब्दोनला कुंपणावर दाबलं, त्याचा दंड मोडला. तो वल्हवू शकत नव्हता. बाकी सगळे पुरुष, बाया बाजूच्या होड्यांवर हवे होते. क्लोरिंदा सेनिसाला सांभाळील, पण वल्ही कोण मारणार?

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. मग आब्दोननं माझ्याकडे.

मी म्हटलं, “मला पोहता येत नाही.”

तो म्हणाला, “पोहायचं गाईंनी आहे. तुम्ही फक्त सरळ जा.”

सकाळी धुकं होतं आणि बोचरी थंडी. क्लोरिंदा मागच्या बाजूला गुडघ्यांवर बसली, दोर हाताला एक वेढा देऊन. मी तिच्याकडे तोंड करून, वल्ही धरून. म्हणजे मला कळप दिसत होता आणि जायचं होतं ती बाजू दिसत नव्हती. सेनिसानं पाणी हुंगलं, एकदा मागं बघितलं, आणि पाय सोडले. मग एकेक करत सगळी उतरली. आई, शेकडो जनावरं. पाण्यावर नुसती डोकी आणि शिंगं, नाकांतून वाफा, आणि कळपभर जोरजोरानं श्वास घेतल्याचा आवाज. हंबरणं नाही. फक्त श्वास. तुटक्या फांद्यांची एखादी राईच नदीतून चालत निघावी तसं ते दिसत होतं, आणि ती राई माझ्या मागं येत होती.

मी वल्हं सरकवत होते. पाण्याला मारत नव्हते.

अर्धी नदी आल्यावर धुकं फाटलं आणि वरच्या प्रवाहातून, पुढून तिरका, जलपर्णीचा एक तुकडा आमच्यावर चालून आला. माझी पाठ तिकडे होती. क्लोरिंदानं मान वळवली आणि मला फक्त तिचे डोळे मोठे झालेले दिसले. सेनिसानं तो हिरवा किनारा बघितला, तिला वाटलं जमीन, आणि ती वळली. दोर ताणला, होडी आडवी झाली. मागची गुरं तिच्या मागं वळली. बाजूच्या होडीतून एवारिस्तोकाका ओरडले, “गोल फिरू देऊ नका! गोल फिरली तर संपलं!” त्यांनी मला आधीच सांगितलं होतं, गुरं पाण्यात गरगरायला लागली की एकमेकांच्या पाठीवर चढतात आणि सगळी बुडतात. आणि ती फिरायला लागली होती. आतल्या बाजूची डोकी दिसेनाशी व्हायला लागली. एक वासरू माझ्यासमोर खाली गेलं, वर आलं, खाली गेलं. पुन्हा आलं नाही.

क्लोरिंदा होडीत उभी राहिली.

मी म्हणणार होते, बस, पडशील. त्याआधी तो आवाज आला.

तो कुठून आला ते मला पहिल्यांदा समजलंच नाही. मी आजूबाजूला बघितलं. खोल, छातीतून, सावकाश सुरू झाला, मग चढत गेला, लांबत गेला, आणि अगदी वर जाऊन मोडला नाही, तर उघडा राहिला, जसं दार उघडं ठेवतात. मग पुन्हा. त्यात शब्द नव्हते. रडणं नव्हतं, गाणं नव्हतं, आणि दोन्ही होतं. नदीभर पसरला तो. एवढ्याशा पोरीतून, जिला दोन महिने मी ‘पान उघड’ म्हणून सांगत होते.

सेनिसाचे कान वळले. मग डोकं. मग मी बघितलं की तिच्यामागची, तिच्यामागची, पार लांबवरची गुरं, सगळ्यांचे कान एकाच बाजूला वळताहेत, वारा गवतावरून जावा तसे. ते चक्र थांबलं. सुटलं. शिंगांची रांग पुन्हा आमच्याकडे सरळ झाली.

मी वल्हवायचं विसरले होते. तोंड उघडं टाकून बसले होते. क्लोरिंदानं, हाक न थांबवता, माझ्याकडे न बघता, टाचेनं माझ्या गुडघ्यावर टकटक केलं. म्हणजे, बाई, वल्हं.

मग मी काय वल्हवलं ते माझ्या तळहातांना विचार.

पलीकडे गुरं बाहेर निघाली तेव्हा ऊन पडलं होतं. त्यांच्या अंगातून वाफ निघत होती, एवढी की उंचवटा जळतोय असं वाटत होतं. काही मेली. वासरं जास्त. क्लोरिंदा दर वासराच्या नाकाला हात लावत कळपातून फिरत होती आणि पुन्हा गप्प झाली होती.

आब्दोन गळ्यात हात बांधून किनाऱ्यावर उभा होता. त्याला आधीच नेऊन ठेवलं होतं. त्याचे डोळे ओले होते, म्हणून मीच काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, “आज मी तुमची बदली.”

“मग रजा वाढवून घेतो,” तो म्हणाला.

आई, मी कायमची असते तर तिथं असते, पण त्या होडीत असते का, कोण जाणे. जिथं जागा रिकामी पडेल तिथं जाऊन बसायची मला इतकी सवय आहे, की त्यांनी माझ्याकडे बघितलं तेव्हा माझे पाय आधी निघाले आणि भीती मागून आली. तू ज्याला माझं अधांतरी राहणं म्हणतेस, त्यानं काल मला तिथं नेऊन बसवलं. दुसऱ्या कुठल्याही रस्त्यानं मी ते ऐकायला पोचले नसते.

नोएमी

रविवार, ७ जून

आई,

तुझा निरोप मिळाला. मलाच नाही, सगळ्या बेटांना मिळाला.

पाणी उतरतंय. काल दुपारी रेडिओभोवती आम्ही सगळे होतो. माणूस वाचत होता, “बेटावरच्या शाळेतल्या नोएमी रेतामार यांना नोगोयाहून त्यांच्या आईचा निरोप. पत्रं पोचली. पोहायला शीक. लोकरीचे मोजे पाठवलेत, ते घाल.” मग जरा थांबून तो आपल्या मनानंच म्हणाला, “हं, हे बरोबर आहे,” आणि पुढचा निरोप वाचायला लागला.

वर्ग एवढा हसला की वासरू दचकून उठलं. एवारिस्तोकाका म्हणाले, “डिसेंबरपासूनचं मौन सोडलं आणि पहिला शब्द काय, तर शीक.” तोमासामावशी भांड्यातला डाव थांबवून म्हणाल्या, “ही आई बदलीची नाही हां. ही कायमची.”

मी स्वयंपाकघराच्या मागं जाऊन जरा रडले. फार नाही. मोजे मंगळवारच्या लाँचनं येतील.

क्लोरिंदा वर्गात अजून बोलत नाही. मला आधी वाटलं होतं, आता एवढं झाल्यावर बोलेल. नाही बोलली. मी विचारलंही नाही. नदीवर जो आवाज मी ऐकला, त्याला ‘धडा पाचवा’ वाचायला लावणं म्हणजे... तुला कळेल मला काय म्हणायचंय.

नोएमी

शुक्रवार, ३ जुलै

आई,

इर्माबाई आल्या.

मला त्यांची जरा भीतीच होती. लाँचमधून काठी टेकत एक बुटकी, जाड भिंगांची बाई उतरली. मुलं जिना उतरून पळत गेली, आणि माझं वाक्य अर्धंच राहिलं. हे प्रत्येक वेळी होतं. क्षणापूर्वी तुम्ही बाई असता, आणि मग तुम्ही व्हरांड्यात उभी असलेली कुणीतरी असता. मला त्याची सवय आहे. तरी प्रत्येक वेळी कठडा धरावा लागतो.

क्लोरिंदानं त्यांची काठी काढून घेतली आणि त्यांच्यामागून तशीच लंगडत चालून दाखवलं. इर्माबाई पोट धरून हसल्या. मग त्यांनी वर बघून मला म्हटलं, “तुम्ही आमचा समुद्र निळा रंगवलात म्हणे. इथं कुणी निळं पाणी बघितलेलंच नाही.”

दोन दिवस आम्ही बरोबर होतो. मी त्यांना काय झालं, काय राहिलं ते सांगितलं. त्यांनी मला ओल्या भिंतींवर हात फिरवत, कुठल्या पुरात पाणी कुठवर आलं होतं ते दाखवलं. त्यांचा मणका आता फार वर्षं साथ देणार नाही. म्हणाल्या, “मी सोडीन तेव्हा ही जागा मागशील?” मी म्हटलं, “तेव्हा विचारा.” मला खरंच माहीत नाही, आई. पण या वेळी नको हा शब्द आपोआप तोंडात आला नाही, एवढं तुला सांगते.

काल मुलं गेल्यावर आम्ही व्हरांड्यात माते पीत बसलो होतो. त्यांनी पेल्यातली मातेची नळी फिरवली. मग नदीकडे बघत म्हणाल्या, “सगळे सांगताहेत. लाँचवर सांगितलं, धक्क्यावर सांगितलं. तू होडीत होतीस.”

“हो.”

“कसा आहे तिचा आवाज?”

मी त्यांच्याकडे बघितलं. चार वर्षं रोज सकाळी त्या मुलीला नावानं हाक मारणारी, तिनं नुसती मान हलवली की हजेरीत नाव धरणारी, तिला कधीही समोर न बसवणारी बाई. तिला त्या आवाजाचं वर्णन मी, तीन-चार महिन्यांची पाहुणी, कसं करायचं? खोल, म्हटलं. सुरुवातीला खोल. मग चढतो. मी तोंड उघडलं, काढून दाखवावा म्हणून, आणि पुन्हा मिटलं. इर्माबाईंनी माझ्या मांडीवर हात ठेवला.

“राहू दे,” म्हणाल्या. “तू ऐकलास, पुष्कळ झालं. मी थांबते. मला कुठं जायचंय.”

आणि त्यांच्या तोंडावर हेवा नव्हता. असेल, थोडा असेल. पण त्याहून जास्त काहीतरी होतं, जे मी याआधी पाहिलं होतं आणि कुठं ते आठवत नव्हतं. आज लाँचमध्ये बसल्यावर आठवलं. शाळा सुटल्यावर तू तिसरीच्या दारात उभी राहायचीस, सगळी मुलं जाईपर्यंत, तेव्हा तुझ्या तोंडावर असायचं ते. मी समजायचे तू दमलेली असायचीस.

सुट्टीनंतर गुआलेग्वायला एका शाळेत बदली आहे, पाचवीला. तोवर तुझ्याकडे. व्हिक्टोरियात शाळेचे कागद पुरे करून पुढच्या शनिवारी दुपारच्या बसनं पोचते. दार लोटून ठेव, कारण या वेळी पिशवी जड आहे. मधाच्या बरण्या आहेत. इर्माबाईंसमोर मला तो आवाज काढता आला नाही, पण तुझ्या स्वयंपाकघरात काढून बघेन. नीट नाही यायचा. तू डोळे मिटून ऐक, आणि शेजारची कुत्री भुंकली तर भुंकू दे.

तुझी
नोएमी